तुकडा कामात आहे

आमचे हे माझ्यापेक्षा बुटके होते. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी तोंडावर हात ठेवून हसायला नको. थोडेथोडके नाही, चांगली तीन बोटं. आम्ही दोघं रस्त्यानं निघालो की पोरंटोरं सोडाच, जाणती माणसंसुद्धा वळून बघायची. गल्लीत आमचं नाव पडलं होतं 'शिडी आणि बादली'. शिडी म्हणजे मी. हे पहिल्यांदा यांच्या कानावर आलं तेव्हा म्हणाले, "बरंय की. रंगारी बोलवायला नको, सामान घरचंच आहे." असल्या माणसाला चिडवणार तरी कसं? चिडवणारेच कंटाळून गप्प बसले.

धंदा शिंप्याचा. घराची पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, मधे कापड बेतायचं लांबलचक टेबल, भिंतीला दोऱ्याची रिळं. उंच गिऱ्हाईक आलं की हे स्टुलावर चढून त्याच्या खांद्याचं माप घ्यायचे आणि चढता चढता म्हणायचे, "वर थंडी आहे हो." माणूस हसला की खांदे सैल पडतात आणि माप बरोबर येतं, असं यांचं म्हणणं. यांचं माप कधी चुकलं नाही. हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून सांगायचं तर यांनी आणलेली भाजी कधी बरोबर नसायची.

आणि हे कधी काही टाकायचे नाहीत. कोट शिवून झाला की त्याच्या कापडाचा वीतभर तुकडा गुंडाळून खोक्यात ठेवायचे. काही वर्षांनी तोच माणूस कोपरावर फाटलेला कोट घेऊन आला की हे खोकं उपसून त्याच कापडाचं ठिगळ लावायचे. त्या खोक्यांनी माझं अर्धं घर खाल्लं. किती वेळा डोकं फिरलं माझं! पण हे म्हणायचे, "बाजारात मिळतं ते नवं. याला याच्यातलंच लागतं."

तर अशा माणसाकडे बंदूक होती. दोन नळ्यांची. माझे सासरे एका मोठ्या फळबागेचे राखणदार होते, ही त्यांची. सासरे ताडासारखे उंच. धाकटा मुलगा, म्हणजे माझे दीर, त्यांच्यावर गेले. थोरले, म्हणजे हे, आईवर गेले. सासरे वारले तेव्हा सगळ्यांना वाटलं की बंदूक धाकट्याकडे जाणार, कारण ती त्यालाच बसणार. पण सासऱ्यांनी थोरल्याच्या हातात दिली. आणि थोरल्यानं काय केलं? आमचं लग्न व्हायच्या आधी, या टेबलावर बंदूक आडवी ठेवून तिचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो लाकडी भाग, मागून दोन इंच कापला. पँट आखूड करावी तसा.

दिरांनी ते कधी विसरलं नाही. घरी यायचे, चहा घ्यायचे, आमच्या पोरीच्या अभ्यासाची चौकशी करायचे. पण बंदुकीचा विषय निघाला की चपला शोधायला लागायचे. "मला ती बसू नये म्हणून कापली त्यानं," असं ते माझ्या जावेला म्हणाले होते. जावेनं ते मला सांगितलं, आणि मी यांना. हे सुईत दोरा ओवत होते. ओवून झाल्यावर म्हणाले, "असं वाटतं होय त्याला?" आणि मशीन सुरू केलं.

दर रविवारी हे गावाबाहेरच्या मैदानात नेमबाजीला जायचे. तिथे एक यंत्र मातीच्या चकत्या आकाशात फेकतं आणि आपण त्या उडवायच्या. मी बाकावर विणकाम घेऊन बसायची. मला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. मी यांना बघायला जायची. बंदूक खांद्याला लागली की हे वेगळेच दिसायचे. आकाशातली चकती उडवायची तर उंच आणि बुटका सारखेच. परत बाकाशी आले की नाक लालभडक झालेलं असायचं. मी विचारलं की म्हणायचे, "बंदूक धक्का देते, तिचा स्वभाव आहे." घरी येऊन मी नाकाला मलम लावायची. ते लावताना खाली वाकावं लागायचं, तेवढ्यात हे माझ्या गालाला गाल लावून घ्यायचे. म्हातारपणीसुद्धा. आता लाज कसली, सांगते.

गेल्या थंडीत हे टेबलाशीच गेले. टेबलावर कोणाचा तरी कोट बेतलेला, खडूच्या रेषा मारून झालेल्या, कात्री अजून लावायची होती. मी आतून हाक मारली, उत्तर आलं नाही. तो कोट मी तसाच परत दिला.

दिवस होऊन गेल्यावर दीर आले. इकडचं तिकडचं बोलून झालं, मग म्हणाले, "वहिनी, बंदुकीचं काय करायचं?"

"काय करायचं म्हणजे?"

"परवाना त्याच्या नावावर होता. आता वारसाच्या नावावर करायचा तर त्या वारसाला मैदानावर चाचणी द्यावी लागते. चकत्या उडवून दाखवाव्या लागतात. तुम्हाला ते झेपणार आहे का? माझ्या नावावर करून टाकू. बाबांची बंदूक आहे, घरातच राहील."

"आत्ता कुठे आहे ती? रस्त्यावर?"

"तसं नाही हो. त्यानं तिचं वाटोळं केलंय. मी तो दस्ता काढून टाकून सगळा नवा बसवून घेईन. पुन्हा पहिल्यासारखी होईल."

त्यांना माहीत असायचं कारण नाही, पण मला माहीत होतं. त्या दस्त्याच्या वरच्या कडेला एक जागा आहे. बंदूक लावताना गाल तिथे टेकतो. यांचा गाल इतकी वर्षं तिथे टेकला की पॉलिश पार उडालं, लाकूड उघडं पडलं आणि हाताला गुळगुळीत लागतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अंगाचे कपडे शिवले यांनी. स्वतःच्या अंगाची खूण म्हणून घरात उरली ती तेवढीच, तळहाताएवढी. हे गेल्यापासून मी रोज कपाट उघडून त्या जागेवर हात ठेवत होते. आणि दीर म्हणतात दस्ता काढून टाकतो.

"मी देईन चाचणी," मी म्हटलं.

दीर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. म्हणाले, "दिलीत तर बंदूक तुमची, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर माझी. चालेल?"

"चालेल."

मैदानावरच्या शिक्षकांनी मला उभं कसं राहायचं, चाप कसा ओढायचा ते शिकवलं. इतकी वर्षं बाकावर बसून डोळ्यांनी शिकलेलं काही वाया गेलं नव्हतं, ते म्हणालेसुद्धा. पण पहिला बार काढला आणि माझ्याच अंगठ्याचं हाड फाडकन माझ्या नाकावर बसलं. रक्ताची धार लागली. दस्ता आखूड, मान लांब. तोंड पार अंगठ्यावर जायचं. गाल त्या गुळगुळीत जागेच्या कितीतरी पुढे पडायचा. मागे सरकायला बघितलं तर बंदूक खांद्यावरून सुटायची. शिक्षक म्हणाले, "ही बंदूक घेऊन तुमचा नेम जन्मात लागणार नाही. दस्ता लांबवून आणा."

बाजारामागच्या बोळात एक मिस्त्री आहेत, बंदुका दुरुस्त करणारे. काडतुसं आणायला हे त्यांच्याकडेच जायचे. दुकान कसलं, भिंतीतली फट. लाकूड आवळून धरणारा शेगडा, कानशी, तेलाचा वास, आणि मिस्त्री माणसांपेक्षा बंदुकीशी जास्त बोलणारे. मी बंदूक पुढे ठेवली. बंदूक आखूड आहे हे त्यांना ठाऊक होतं, पण मागची रबराची गादी काढून कापलेली जागा त्यांनी आजच बघितली आणि कपाळाला आठी घातली.

"कोणी केलं गं तुझं हे?" त्यांनी बंदुकीला विचारलं.

"आमच्या यांनी," मी म्हटलं.

"कशानं, कात्रीनं?"

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं, ते आल्यावर कळलं.

मिस्त्रींनी मला कोपर दुमडायला लावलं, दस्ता आत ठेवून चापापर्यंतचं अंतर बघितलं. मग यांची बंदूक उचलायची लकब आठवून ते स्वतःशीच पुटपुटले आणि एकदम म्हणाले, "त्यांच्या नाकाला लागायचं का हो?"

"दर रविवारी."

"म्हणजे त्यांनासुद्धा आखूडच होती. अर्धा इंच कापली असती तरी त्यांचं काम झालं असतं. दोन इंच कशाला कापली? माप चुकलं."

माझा पारा चढला. "मिस्त्री, माझ्या नवऱ्याचं माप आयुष्यात चुकलं नाही. गावाला विचारा."

"मग मुद्दाम कापली म्हणायची," मिस्त्री शांतपणे म्हणाले. "मी त्यांना दोनतीनदा म्हटलं होतं, लांबवून देतो, कापलेला तुकडा असेल तर घेऊन या, जोडल्याचं कळणारसुद्धा नाही. मला वाटलं होतं, टाकला असेल. पण ते काय म्हणाले माहितेय? म्हणाले, तुकडा आहे, पण कामात आहे."

"कामात?"

"हो. तुकडा कामात आहे, असू दे. मला वाटलं, शिंपी माणूस, कापडावर वजन म्हणून ठेवत असेल."

असलं वजन मी दुकानात कधी बघितलं नव्हतं. मिस्त्रींनी अक्रोडाच्या नव्या लाकडाचे दोनचार ठोकळे दाखवले. एक पिवळट, एक लालसर. आमच्या दस्त्याचं लाकूड गडद, आणि त्यातून एक काळी रेघ वाकडीतिकडी धावत मागच्या टोकापर्यंत गेलेली, आणि तिथे कापलेली. नव्या ठोकळ्यांत ती रेघ कुठून येणार? दुसऱ्याच कापडाचं ठिगळ दिसलं असतं. शिंप्याची बायको मी, ते ठिगळ मला झेपलं नसतं. "चार दिवस द्या," मी म्हटलं, "तुकडा घरात असेल. आमच्या घरातून काही बाहेर जात नाही."

मग मी घर उपसलं. कामात असलेला तुकडा म्हणजे कशाखाली तरी लावलेला असणार, असा माझा हिशोब. कपाटाखालचा ठोकळा ओढला, तर कपाट माझ्या अंगावर झुकलं. ठोकळा साध्या लाकडाचा निघाला. मशीनच्या पायाखालचा काढला, तो कागदाचा. दाराची पाचर, खिडकीची खिट्टी, मोरीतला पाट, सगळं उलटंपालटं केलं. खोकी तर सगळी उघडली. कापडाचे शेकडो तुकडे, गावातल्या अर्ध्या माणसांचे कोट. लाकूड कुठेच नाही. "अहो, कुठे ठेवलात?" मी मोठ्यानं विचारलं. असं मी तेव्हा रोज काही ना काही विचारत असे. शेजारणीला वाटायचं फोनवर बोलतेय.

लेकीनं फोनवर सांगितलं, "आई, तू त्या एका तुकड्यापायी वेडी होशील. लाव ना नवं लाकूड." खरंच होतं तिचं. चाचणीचा दिवस जवळ येत होता. शेवटी मी मिस्त्रींना कळवलं, तो लालसर ठोकळा चालेल. फोन ठेवला आणि मला हरल्यासारखं वाटलं.

त्याच दुपारी, हात रिकामे राहू नयेत म्हणून, यांचे कपडे वाटून टाकायला काढले. सदरे, दोन स्वेटर, लग्नातला सूट. आणि कपाटाच्या तळाशी कापडात गुंडाळलेले लग्नातले बूट.

ते बूट मला चांगले माहीत होते. लग्नाच्या दिवशी हे आले ते माझ्याएवढे होऊन. माझ्या मावशा एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. मीही चकित. फोटो निघाला, त्यात आमचे कान एका रेषेत आहेत. आमचा तसा तो एकच फोटो. फोटो झाला, आणि हे जिन्यावरून उतरताना टाच कलंडून धाडकन पडले. घोटा भोपळ्यासारखा सुजला. सगळी धावाधाव झाली. मी पायरीवर बसून त्यांचे बूट काढले, तेव्हा त्या उंच टाचा बघितल्या. हे मान खाली घालून बसलेले. नवी नवरी मी, पण मला राहवलं नाही. म्हटलं, "हे पुन्हा घालू नका. मला वाकता येतं." यांनी वर बघितलं. त्या वेळी यांचे डोळे भरून आले होते, आणि मला वाटलं घोटा दुखतोय.

त्यानंतर ते बूट कधी पायात गेले नाहीत. टाकलेही नाहीत. काही न टाकणारा माणूस, त्यात काय नवल, म्हणून मी कधी विचार केला नाही. अधूनमधून हे त्यांना तेल लावताना दिसायचे, तेवढंच.

ते मी गुंडाळीतून काढले. एका टाचेवरचं चामडं वाळून शिवणीवर उसवलं होतं. आत लाकूड दिसत होतं. गडद. मी उजेडाकडे धरलं. लाकडातून एक काळी रेघ गेली होती.

मी खाली बसले. कात्री घेऊन दोन्ही टाचांची शिवण उसवली. शिवण यांच्याच हातची, बारीक आणि सरळ. चामडं सोललं आणि दोन्ही टाचा जमिनीवर पाठीला पाठ लावून ठेवल्या. दोन अर्धे तुकडे मिळून बंदुकीच्या दस्त्याचं टोक झालं. अंड्यासारखं लांबट. काळी रेघ एका तुकड्यातून दुसऱ्यात गेली.

दोन इंच. माप चुकलं नव्हतंच. यांनी आपल्या हाताचं माप घेऊन ती कापलीच नव्हती. माझ्या उंचीचं घेऊन कापली होती. चांगलं टणक लाकूड घरात तेवढंच होतं, वडिलांच्या बंदुकीचं. एका दिवसासाठी, एका फोटोसाठी, मी मान खाली न घालता यांच्याशेजारी उभं राहावं म्हणून. त्यापायी भाऊ दुरावला. त्यापायी जन्मभर दर रविवारी नाकावर तडाखा खाल्ला. मिस्त्री लांबवून देतो म्हणाले तर सांगितलं, तुकडा कामात आहे. कपाटाच्या तळाशी चिंधीत बांधून ठेवलेला, कामात आहे म्हणे! मी तिथेच फरशीवर बसून रडले. यांच्या जाण्यानंतर लोकांसमोर रडले होते, ते वेगळं. हे पोटातून आलं. वेड्या माणसा, एकदा सांगितलं असतंस तर! आयुष्यात पहिल्यांदा मी यांना अरेतुरे केलं.

दुसऱ्या दिवशी टाचा मिस्त्रींच्या पुढ्यात ठेवल्या. त्यांनी त्या फिरवून फिरवून बघितल्या. खिळ्यांची भोकं बघितली, एका बाजूला झिजलेली कड बघितली. मग माझ्याकडे बघितलं आणि चष्मा पुसत बसले. चष्मा स्वच्छच होता.

"यात अडचण एकच," तो डोळ्यांवर चढवून ते म्हणाले. "करवतीनं खाल्लेलं लाकूड परत येत नाही. दोन तुकड्यांच्या मधे आणि दस्त्याच्या सांध्यावर बारीक रेषा राहील. ती काळी करून टाकतो. आणि खिळ्यांची भोकं बुजवतो."

"रेषा राहू दे. भोकंही राहू देत."

"दिसतील."

"दिसू देत."

सरस वाळायला वेळ लागतो, म्हणून बंदूक मिळाली ती चाचणीच्याच सकाळी. मिस्त्री म्हणाले, "इथे खांद्याला लावून बघू नका. या बोळात कोपर भिंतीला लागेल आणि उगाच मनात शंका येईल. मैदानावर उभ्या राहा, डोळे मिटा, बंदूक खांद्याला लावा, गाल जिथे पडेल तिथे पडू द्या. मग डोळे उघडा. बसली असेल तर नळी सरळ दिसेल." मग बंदुकीच्या पाठीवरून हात फिरवून तिला म्हणाले, "जा आता. नीट वाग."

दीर मोटार घेऊन आले होते. बंदूक मागच्या सीटवर ठेवली आणि मी पुढे बसले. मांडीवर ती चिंधी होती, तिच्यात यांचे बूट, बिनटाचांचे. सांगावं की नाही, असं रात्रभर मनात चाललं होतं. यांनी जन्मभर झाकून ठेवलं, ते मी उघडं करायचं का? पण दोघा भावांच्या मधे ती बंदूक भिंतीसारखी उभी राहिली होती, आणि एक भाऊ तर गेलाच. मी मैदानाच्या फाटकाशी मोटार थांबवायला सांगितली आणि बूट दिरांच्या हातात दिले.

"हे काय?"

"बंदुकीचे दोन इंच इथे होते. लग्नाच्या दिवशी, टाचांत."

त्यांना कळायला जरा वेळ लागला. टाचेच्या रिकाम्या जागेत बोट घातलं, काढलं, पुन्हा घातलं. मग मागे वळून सीटवरच्या बंदुकीच्या टोकाकडे बघितलं. मधली सांध्याची रेषा, खिळ्यांची भोकं.

"मला वाटलं," दीर म्हणाले आणि थांबले. "मी त्याला किती वर्षं... वहिनी, त्यानं एका शब्दानं सांगायचं होतं ना."

"काय सांगणार होते? माझी बायको उंच आहे म्हणून बाबांची बंदूक कापली?"

दीर हसायला गेले आणि त्यांचा चेहरा वाकडा झाला. एवढा उंच माणूस, स्टिअरिंगवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. फाटकावरचा माणूस दोनदा येऊन बघून गेला.

"आता चाचणी नका देऊ," डोळे पुसून ते म्हणाले. "मी लिहून देतो, बंदूक तुमचीच."

"तुम्ही लिहून दिलंत तरी सरकारला चकत्या लागतात, भाऊजी. आणि मलाही लागतात."

परीक्षक तरुण होते, आवाज करडा. त्यांनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, सगळे बघतात तसं, आणि मग बंदुकीकडे. "जोडलेली दिसते," म्हणाले. मी म्हटलं, "हो." दीर जाऊन बाकावर बसले, मी बसायची त्याच जागी.

मी खुणेच्या जागी उभी राहिले. दोन काडतुसं भरली. मिस्त्रींनी सांगितल्याप्रमाणे डोळे मिटले आणि बंदूक खांद्याला लावली. खांद्यात ती नीट बसली, जन्मापासून तिथेच असल्यासारखी. अंगठा नाकापासून लांब. मग गाल खाली येऊ दिला.

गाल त्या जागेवर पडला.

पॉलिश उडालेलं, उघडं, गुळगुळीत लाकूड. बरोबर त्याच जागी. मला आधी कळलंच नाही काय झालं. मग कळलं की माझी मान सरळ आहे. यांच्या गालाला गाल लावायचा तर मला नेहमी वाकावं लागायचं. लग्नाच्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत, पायरीवर, मलम लावताना, आणि त्या टेबलाशीसुद्धा. मी म्हटलं होतं ना, मला वाकता येतं. आज वाकावं लागलं नाही.

"तयार आहात का?" परीक्षकांनी विचारलं.

डोळे उघडले. नळी सरळ होती, पुढे आकाश. "सोडा," मी म्हटलं.

पहिली चकती गेली ती गेलीच, मला ती नीट दिसलीही नाही, डोळ्यांत पाणी होतं. दुसरी फुटली. मग पुढच्या फुटत गेल्या. सगळ्या नाही, पण पास व्हायला लागतात त्यापेक्षा जास्तच. बाकावरून दिरांचा आवाज यायचा, "वहिनी, वा!" आणि मग नाक ओढल्याचा आवाज. काडतुसं बदलायला बंदूक खाली घ्यावी लागायची तेवढी घ्यायची, की पुन्हा खांद्याला, पुन्हा गाल तिथेच.

"झालं, बाई," परीक्षक म्हणाले. "पास आहात तुम्ही."

मी बंदूक रिकामी करून दाखवली, बंद केली, आणि पुन्हा खांद्याला लावली. आकाशात काहीच नव्हतं.

"अहो बाई, चाचणी संपली. खाली घ्या आता."

"घेते हं," मी म्हटलं. "जरा थांबा."

बाकावरून दीर उठून आले आणि परीक्षकांना हळूच म्हणाले, "राहू द्या हो त्यांना थोडा वेळ."